उसना देव

त्याला सगळे वकील म्हणायचे. काळा कोट त्याने जन्मात अंगावर घातला नव्हता, आणि घातला असता तर साबणाच्या पाण्याने त्याची पार वाट लागली असती. उंच उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुणं हा त्याचा धंदा. गच्चीवरून दोर सोडायचा, दोराला टांगलेल्या फळीवर बसायचं आणि बादली, फडकं, रबराची पट्टी घेऊन एकेक मजला खाली सरकत यायचं. पण हा गडी एकदा वाद घालायला लागला की समोरच्याने हात टेकलेच म्हणून समजा, म्हणून वकील. आणि वाद तरी किती प्रकारचे? एकच. जगात देव नाही. बाकी कुठल्याही गोष्टीत त्याचं मत विचारा, तुमचं तुम्ही बघा म्हणेल. देवाचा विषय निघाला रे निघाला की बाह्या सरसावून हजर.

हे खूळ लहानपणापासूनचं. आई रोज सकाळी हात जोडून घरासाठी मागणं मागायची. एक दिवस यानं विचारलं, "तुझं ऐकतो ना तो? मग बाबांची दारू का सुटत नाही?" उत्तर म्हणून गालावर पाच बोटं उमटली. तो त्याचा पहिला खटला. हरला, पण अपील पन्नाशी उलटली तरी चालूच होतं.

"एवढ्या उंचावर रोज जातो मी," तो म्हणायचा, "ढगांच्या शेजारी बसतो. कधी दिसला नाही. एकदा तरी खिडकी उघडून म्हणाला असता, काय रे बाबा, दमलास का?"

यावर शेजारच्या फळीवरून ठरलेलं उत्तर यायचं. "तू काचेकडे बघतोस लेका. त्यात तुला तुझंच थोबाड दिसणार."

शेजारच्या फळीवर बुवा असायचा. हेही टोपणनावच. वकिलासारखाच काचा धुणारा, पण शांत, कमी बोलणारा आणि देवभोळा. दोघं तरुणपणी एकाच दिवशी कामाला लागले आणि तेव्हापासून जोडी जी जमली ती जमली. मुकादमाने कितीदा फोडायचा प्रयत्न केला, दोघांनीही दाद दिली नाही. दिवसभर शेजारी शेजारी लोंबकळायचं, देवावरून भांडायचं, आतले साहेब लोक पडदे ओढून घ्यायचे तरी भांडायचं, आणि संध्याकाळी एकाच बसने घरी जायचं. असा संसार चालला होता.

या कामात एक नियम असतो. आपण बांधलेली गाठ आपण तपासायची नाही, ती दुसऱ्याने तपासायची. कारण आपल्या चुकीला आपलाच डोळा माफी देतो. वकील बुवाची गाठ तपासायचा ती सासुरवास केल्यासारखी. ओढून बघ, हिसका दे, वर दोन शिव्या हासड, मग म्हण, "जा, मर." बुवाचं तसं नव्हतं. तो वकिलाच्या गाठीवर पंजा ठेवायचा, डोळे मिटायचा, ओठ हलायचे. थोड्या वेळाने डोळे उघडून म्हणायचा, "हं. जा."

"झालं का?" वकील रोज चिडवायचा. "आली का वरून सही?"

"आली," बुवा म्हणायचा. वकील हसत हसत कठडा ओलांडून पलीकडे जायचा. आजवर त्याला साधं खरचटलंही नव्हतं.

घरी वकिलाची बायको. दोघांचंच घर, तिसरं कुणी नाही. ती देव मानायची, पण त्याचा गाजावाजा करायची नाही. नवऱ्याशी या विषयावर वाद घालायचं तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षीच सोडलं होतं. तिचा देवाशी व्यवहारही जगावेगळा. दुसऱ्यांसाठी मागायची, शेजारणीच्या सुनेसाठी, बसमध्ये भेटलेल्या कुणासाठी, पण स्वतःसाठी कधी नाही. "स्वतःसाठी मागायची लाज वाटते हो," म्हणायची. आणि बुवाच्या प्रार्थनेवर तिचा भारी विश्वास.

"तुम्हाला रोज संध्याकाळी जमिनीवर कोण आणून सोडतं?" तिनं एकदा विचारलं होतं.

"दोर."

"आणि दोर कशानं टिकतो?"

"गाठीनं."

"आणि गाठीवर हात कुणाचा?"

"बुवाचा."

"मग!" असं म्हणून ती भांडी घासायला निघून गेली. 

तर अशी ही बाई, आणि तिच्या हृदयाची झडप खराब निघाली. जिना चढताना दम लागतो म्हणून दाखवायला नेलं, तर डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनच सांगितलं. तारीख ठरली, दवाखान्यात दाखल केलं, आणि ऐन वेळी ही बया खाटेवरून उतरली, चपला घातल्या आणि चालत घरी आली! कुणाचं ऐकेना. पुन्हा दम लागला, ओठ निळे पडले, तेव्हा वकिलाने जवळजवळ उचलूनच परत आणली. डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं, "आज जर त्या पुन्हा उठून गेल्या, तर मग माझ्याकडे आणू नका. उशीर झालेला असेल."

वकील खाटेशी येऊन बसला. "का गं असं करतेस? मरायची एवढी भीती वाटते?"

"मरायची नाही वाटत," ती म्हणाली. "एकटीनं आत जायची वाटते. तिथं मला झोपवणार, मग मी कुणाचीच नसणार. कुणीतरी माझ्याबद्दल आधी वर सांगून ठेवलेलं असलं ना, की मी जाईन. तुम्ही तर सांगणार नाही."

वकील तिच्या चपला पायाने खाटेखाली आत सरकवायला लागला.

"बुवांना सांगा," ती म्हणाली. "माझ्यासाठी दोन शब्द टाकायला सांगा. त्यांनी टाकले की मी निमूट जाते. नाहीतर नाही."

ऑपरेशन दुपारचं होतं. वकील तसाच उठला.

बुवा त्या दिवशी एका नव्या इमारतीवर होता. जोडीदार नाही म्हणून काम बंद, पाण्याच्या टाकीच्या सावलीत डबा उघडून बसला होता. वकिलाला लिफ्टमधून बाहेर पडताना बघून त्याचा घास हातातच राहिला.

"काय झालं? वहिनी...?"

"आहे, आहे. बस तू." वकील समोर उकिडवा बसला. आयुष्यात त्याला इतकं अवघड कधी गेलं नसेल. दोनदा घसा खाकरला, एकदा आकाशाकडे बघितलं, लगेच नजर वळवली. "हे बघ, हसायचं नाही. एक काम आहे. तिचं आहे, माझं नाही. तुझ्या त्या वरच्याला तिच्यासाठी जरा सांग. ती म्हणते तुझं ऐकतो. मोठ्यानं सांग, बारीक सांग, तुला कसं जमेल तसं. पण आत्ता सांग."

बुवा हसला नाही. त्याने डब्याचं झाकण लावलं. "मला नाही जमायचं रे," तो म्हणाला.

वकिलाला वाटलं, काढतोय उट्टं. इतक्या वर्षांची थट्टा आज व्याजासकट वसूल करतोय. "बुवा, मी तुझ्या पाया पडतो. मला काय बोलायचं ते नंतर बोल. आयुष्यभर बोल. पण तिच्यावर राग काढू नकोस."

"राग नाही, वकिला." बुवाने मान खाली घातली. "माझा विश्वासच राहिलेला नाही. आज नाही, बरीच वर्षं झाली. देव नाही असंच मला वाटतं. तुझ्यासारखंच."

आता नीट विचार केला तर वकिलाने आनंदाने उड्या मारायला हव्या होत्या. गच्चीवर नव्हे, पण मनात तरी. जन्मभर चाललेला खटला तो जिंकला होता! समोरचा पक्ष स्वतः होऊन म्हणत होता, तुझंच खरं. पण झालं भलतंच.  तो बुवाकडे असा बघायला लागला की जणू बुवाच्या जागी कुणी तिऱ्हाईत येऊन बसलंय.

"थट्टा करतोस."

"नाही."

"काय झालं तुला? कोण गेलं? मला बोलला का नाहीस?"

"कुणी गेलं नाही, हेच तर," बुवा म्हणाला. "लोकांना वाटतं, त्यासाठी काहीतरी कोसळावं लागतं. माझं काही कोसळलं नाही. एकदा सकाळी नेहमीसारखं मागणं म्हणायला लागलो आणि लक्षात आलं, पलीकडे कुणी नाही. फोन मध्येच कट झालेला असतो आणि आपण बोलतच असतो ना, तसं. नंतरही काही दिवस हॅलो हॅलो करून बघितलं. मग सोडून दिलं."

"खोटं!" वकील ओरडला. टाकीवरची कबुतरं उडाली. "साफ खोटं! रोज माझ्या गाठीवर हात ठेवून डोळे मिटतोस ते काय मग? ओठ हलतात तुझे! मी बघतो ना रोज!"

"वळसे मोजतो."

"काय?"

"गाठीचे वळसे मोजतो. डोळे मिटले की बोटांना नीट कळतं. मोजताना ओठ हलतात माझे, लहानपणची खोड आहे. सुरुवातीला प्रार्थनाच करायचो, ते खरं. नंतर मोजायला लागलो."

वकील मटकन खाली बसला. समोर कठडा होता. तो कठडा ओलांडून आपण किती वेळा पलीकडे गेलो असू, हे त्याच्या डोळ्यांपुढून सरकायला लागलं. पावसाळी दिवस, वाऱ्याचे दिवस, ताप अंगात असलेले दिवस. रोज हसत गेलो. का हसत गेलो? त्याला दरदरून घाम फुटला. खाली रस्ता होता, रस्त्यावर मुंगीएवढ्या गाड्या होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला उंचीची भीती वाटली. गच्चीच्या मधोमध बसून!

"अरे, उलट जास्त सुरक्षित होतास की तू," बुवा समजुतीच्या सुरात म्हणाला. "प्रार्थना करताना माणूस गाठीकडे बघत नाही. मी मोजत होतो."

"गप्प बस!" वकील कडाडला. "फसवलंस मला. वर्षानुवर्षं माझ्याशी देवावरून भांडलास, आहे आहे म्हणून सांगितलंस, आणि आतून पोकळ? सांगायचं नाही मला? मला सांगायचं नाही? अख्ख्या जगात हे सांगायला माझ्यासारखा माणूस मिळाला असता तुला?"

"सांगणार होतो." बुवाचा आवाज खाली आला. "एकदा ठरवून आलो होतो. त्या दिवशी गाठीवर हात ठेवलाच नाही. हातानं उलटसुलट करून बघितली आणि म्हटलं, ठीक आहे, जा. आठवतंय? तू उतरला नाहीस."

"वारा होता त्या दिवशी."

"पान हलत नव्हतं."

"मग बादलीची दोरी..."

"बादलीची दोरी तू सोडलीस आणि बांधलीस, सोडलीस आणि बांधलीस. धड होती ती. शेवटी मला म्हणालास, काय रे, आज वरून सही नाही आणायची? हसत म्हणालास. पण हातानं कठडा घट्ट धरून होतास. मग मी हात ठेवला, डोळे मिटले, ओठ हलवले, आणि तू मांजरासारखा टुणकन पलीकडे गेलास." बुवाने डोळे पुसले की कपाळाचा घाम पुसला, कळलं नाही. "तेव्हा मी समजलो. दोरावर लोंबकळणाऱ्या माणसाकडून काही काढून घेऊ नये. म्हणून नाही बोललो."

 खोटं आहे म्हणावं तर वकिलाला तो दिवस लख्ख आठवत होता. घामानं ओला झालेला तळवाही आठवत होता. म्हणजे आपण नास्तिक म्हणून छाती पुढे काढून फिरलो ते कुणाच्या जिवावर? या बुवाच्या! स्वतःकडे देव नाही म्हणून मिरवायचं आणि गरजेपुरता शेजाऱ्याचा उसना आणायचा. आणि शेजाऱ्याच्या घरात तर कधीपासूनच खडखडाट! 

"मी येतो दवाखान्यात," बुवा म्हणाला. "वहिनींसमोर हात जोडतो, काहीतरी म्हणतो. तुझ्यासाठी इतकी वर्षं केलं, त्यांच्यासाठी एकदा करीन."

"खबरदार!" वकील उठला. "माझ्याशी खेळलास ते खेळलास. तिच्याशी नाही. देव नाही म्हणून मी तिच्या कानाशी आयुष्यभर ओरडलो, पण तिला खोटं कधी सांगितलं नाही. आजही सांगणार नाही."

बसमध्ये त्याने मनाशी पक्कं ठरवलं. जे आहे ते सांगायचं. बुवानं प्रार्थना केलेली नाही, करणारही नाही, तू आपली डॉक्टरीणबाईंवर विश्वास ठेव. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं. शेजारी बसलेल्या माणसाने दोनदा त्याच्याकडे वळून बघितलं, इतकं ते तो मोठ्यानं घोकत होता.

वॉर्डात पोचला तेव्हा ढकलगाडी खाटेला लावून वॉर्डबॉय उभा होता. बायकोला हिरवा झगा घातला होता, केस टोपीत कोंबले होते. ती एवढीशी दिसत होती. हात चादरीची कड घट्ट धरून होते, आणि एक पाय चादरीबाहेर, खाटेखाली सोडलेला, उतरायच्या तयारीत.

"भेटले?"

"भेटला."

"केली?"

जुळवलेलं वाक्य वकिलाच्या जिभेवर होतं. त्याने त्या पायाकडे बघितलं.

"केली," तो म्हणाला.

"मोठ्यानं की मनात?"

"मोठ्यानं."

"मग सांगा की काय म्हणाले ते. मला ऐकायचंय."

आली का पंचाईत! ज्याने उभ्या जन्मात देवापुढे एक शब्द काढला नव्हता, त्याला आता अख्खी प्रार्थना जागच्या जागी बनवायची होती. वॉर्डबॉय घड्याळाकडे बघत होता. वकिलाने खाटेची कड धरली.

"म्हणाला... हे बघ..."

"हे बघ? देवाला हे बघ म्हणाले?"

"जुनी ओळख आहे त्यांची. मध्ये बोलू नकोस." त्याने नजर खाटेच्या कडेकडे वळवली. "हे बघ, म्हणाला, ही बाई आत येतेय. हिला नीट बघ. हिनं तुझ्याकडे सगळ्यांसाठी मागितलं, स्वतःसाठी काही मागितलं नाही, तेव्हा हिचं बरंच तुझ्याकडे बाकी असेल. ही भांडताना मध्येच हसते. त्यामुळे हिच्या नवऱ्याची सगळी भांडणं अर्धवट राहिली आहेत, ती पुरी करायची आहेत. नवरा कामावर गेला की ही दुपारी खिडकीशी येते आणि वारा किती आहे ते बघते. हिला वाटतं त्याला माहीत नाही. त्याला माहीत आहे. तो बोलत नाही, कारण तो गाढव आहे. आणि रात्री हिचे पाय गार पडतात. बर्फासारखे. ते ही त्याच्या पोटऱ्यांना लावते, आणि तो ओरडतो, हिला नाही नाही ते बोलतो. आता नाही ओरडणार. एवढे पाय परत पाठव. मग तू आहेस की नाहीस यावर आपण निवांत वाद घालू. हवं तर तूच जिंक. पण ते पाय..."

 वॉर्डबॉय भिंतीकडे तोंड करून उभा होता. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने तोंडावर पदर धरला होता.

बायको त्याच्याकडे बघत होती. 

"अहो."

"काय?"

"माझे पाय गार असतात ते बुवांना कुणी सांगितलं?"

चोरी करताना मुद्देमालासकट धरावं तसा वकील जागच्या जागी थिजला.  अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे एकही मुद्दा नव्हता. आणि त्याहून मोठा धक्का त्याला आत कुठेतरी बसला होता. आत्ता आपण बोललो ते कुणाशी? हिच्याशी तर नव्हतो बोलत. हिच्याशी असं बोलायची आपली कधी छाती झाली नसती.

बायकोने बाहेरचा पाय चादरीत ओढून घेतला. स्वतःहून सरकून ढकलगाडीवर आली.

"चला दादा," ती वॉर्डबॉयला म्हणाली. "झालंय सांगून."

गाडी निघाली. वकील दारापर्यंत गेला, दार बंद झालं, आणि तो बाहेरच्या बाकावर बसला.

थोड्या वेळाने बुवा आला. नको म्हटलं तरी आला, घामाने ओल्या कपड्यांनी, धावत. "गेल्या का आत? खरं सांगितलंस का त्यांना?"

 वकील पुढे वाकून बसला होता, कोपर गुडघ्यांवर, नजर फरशीवर, आणि पुटपुटत होता. बुवाने आधी कान दिला, मग वाकून त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्याचे डोळे विस्फारले.

"वकिला, अरे, कुणाशी बोलतोयस तू?"

"माहीत नाही," वकील वर न बघता म्हणाला. "पण तू मध्ये बोलू नकोस. माझं अजून संपलेलं नाही."